नगराचे पाणी – लेखांक सहावा : कारखान्याची मोरी आणि नगराचे गटार

गेल्या लेखांकात आपण नगराबाहेरील मलप्रक्रिया केंद्रापर्यंत येऊन पोहोचलो होतो आणि तेथील हौदांत सतत हवा खेळवून ठेवलेल्या असंख्य सूक्ष्म जीवांकडून मैलापाणी कसे निवळते, हे पाहिले होते. हे जीव घरगुती मैल्यावर पोसलेले असतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचकूप यांतून जे जे कुजण्याजोगे वाहत येते ते त्यांना पचते. परंतु त्याच भुयारी गटाराला एखाद्या मुलामा देणाऱ्या कारखान्याची किंवा रसायनशाळेची मोरी येऊन मिळाली, म्हणजे कढत दुधात घातलेल्या विरजणाची जी गत होते तीच या जीवांची होते, आणि मग सबंध शहराचे मैलापाणी जसेच्या तसे नदीत जाऊ लागते. म्हणूनच कारखानदाराने आपले सांडपाणी सार्वजनिक गटारात सोडण्यापूर्वी आपल्याच आवारात त्यावर काही संस्कार केले पाहिजेत, असा दंडक जगभरच्या नगरसंस्थांनी घातला. या संस्कारांना पूर्वप्रक्रिया म्हणतात.

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील, ओहायो नदीच्या काठी वसलेल्या लुइव्हिल शहराला या दंडकाची आवश्यकता चार वर्षांत दोनदा पटली. 1977 च्या मार्च महिन्यात कीटकनाशकांच्या धंद्यातील विषारी क्लोरीनयुक्त टाकाऊ रसायने कोणी तरी चोरून गटारात ओतली; केंद्रातील कामगारांचे डोळे आणि घसे जळू लागले, केंद्र बंद करावे लागले, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंतच्या सुमारे तीन महिन्यांत दररोज 10 कोटी गॅलनांच्या आसपास कच्चे मैलापाणी ओहायो नदीने पोटात घेतले. पुढे 13 फेब्रुवारी 1981 च्या पहाटे त्याच शहराचे गटारच उडाले. सोयाबीनचे तेल काढणाऱ्या एका कारखान्यातून हेक्झेन हा द्राव गटारात शिरला होता. हा पदार्थ पाण्यात मिसळत नाही, त्यावर तरंगतो. थंडीतही त्याची वाफ होते, ती वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असल्यामुळे बंदिस्त नळातून सहजासहजी वर येत नाही, आणि हवेतील तिचे प्रमाण शेकडा एकाच्या किंचित वर गेले की तिला एक ठिणगी पुरते. रेल्वेच्या पुलाखालून जाणाऱ्या एका मोटारीने ती पुरवली, असे मानतात. सुमारे दोन मैल लांबीचे रस्ते उखडले गेले. जीवितहानी झाली नाही, हे मी तरी त्या पहाटेच्या निर्मनुष्य वेळेचेच उपकार समजतो.

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने पूर्वप्रक्रियेचे सर्वसाधारण नियम 1978 सालीच काढले होते, आणि 1990 मध्ये त्यांत भर घालून साठ अंश सेल्सिअसच्या आत पेट घेऊ शकेल असा द्रव गटारात सोडण्यास साफ मनाई केली. या नियमांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्या अंमलबजावणीचा भार प्राधान्याने नगरसंस्थेवरच टाकलेला आहे. दररोज 25,000 गॅलनांहून अधिक औद्योगिक सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यास तिच्याकडून परवाना घ्यावा लागतो. वर्षातून निदान एकदा तिच्या नोकरांनी तेथे जाऊन पाण्याचा नमुना घ्यावयाचा असतो. आणि ज्यांनी वर्षभरात गंभीर कसूर केली त्यांची नावे स्थानिक वृत्तपत्रात छापावयाची असतात. दंड भरून मोकळे होणाऱ्या धनिकास या शेवटच्या कलमाचा धाक अधिक वाटत असावा, असा माझा समज आहे.

पूर्वप्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी क्रोमचा मुलामा देणाऱ्या एखाद्या लहान कारखान्यात जावे. मुलाम्याच्या हौदातून काढलेली सायकलची दांडी धुतली, की धुण्याचे पाणी गर्द पिवळे होते. हा पिवळेपणा षट्संयुजी क्रोमियमचा, आणि तो विषारी. या पाण्यात आम्ल घालून सामू दोन-तीनपर्यंत उतरवतात, मग सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळतात. पाहता पाहता पिवळा रंग जाऊन हिरवा येतो. नंतर चुन्याची निवळी घालून सामू आठ-नऊपर्यंत चढवला, की हिरवट साका तळाशी बसतो. तो गाळून, दाबून, पोत्यांत भरून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवावयाचा असतो. वरचे निवळलेले पाणी तेवढे गटाराकडे जाते. सायनाइडचे धुण्याचे पाणी मात्र अगदी वेगळ्या मोरीने न्यावे लागते, कारण आम्लाशी त्याची गाठ पडली तर जो वायू सुटतो तो माणसास मारतो.

आता कोणी चतुर मालक म्हणेल, की एवढा खटाटोप कशाला, विहिरीचा पंप सोडून पाणी पातळ केले म्हणजे प्रत्येक लिटरमधला क्रोमियम आपोआप कमी भरेल! ही युक्ती इतकी जुनी आहे, की अमेरिकन नियमांनी तिचा नामनिर्देशपूर्वक निषेध केला आहे. पातळ केल्याने धातूचा एक कणही नाहीसा होत नाही. जीवाणू त्यास पचवू शकत नाहीत, म्हणून तो एक तर नदीत उतरतो, नाही तर केंद्राच्या गाळात साठून तो गाळ शेतखतास अयोग्य करून ठेवतो.

आपल्याकडे महाराष्ट्राने 1969 सालीच जलप्रदूषण-प्रतिबंधाचा कायदा केला, आणि 1974 चा मध्यवर्ती कायदा त्यानंतर आला. सध्या लागू असलेली सर्वसाधारण मानके 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या परिशिष्टात आहेत. त्यांत जैवरासायनिक प्राणवायू-मागणीची मर्यादा नदीनाल्यासाठी प्रतिलिटर 30 मिलिग्रॅम, तर सार्वजनिक गटारासाठी 350 आहे. षट्संयुजी क्रोमियमला नदीत 0.1 आणि गटारात 2 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. ही सवलत उदार दिसते खरी, पण तिला एक अट चिकटवलेली आहे, आणि सबंध परिशिष्टात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते : गटार जैविक प्रक्रिया करणाऱ्या केंद्रास जाऊन मिळत असेल तरच ही मर्यादा, नसेल तर ते पाणी थेट नदीनाल्यात सोडले असे समजून 30 चाच हिशेब. याचा अर्थ असा, की कारखानदाराची दरखास्त तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच्या यंत्रांच्या यादीआधी शहराच्या गटाराचा नकाशा पुढे ओढला पाहिजे आणि ती वाहिनी कोठे संपते ते बोटाने शोधले पाहिजे. ती एखाद्या ओढ्यात संपत असेल, तर दफ्तरातील 350 चा दाखला कितीही शिक्क्यांचा असला तरी तो गैरलागू होय.

लहान कारखान्यांस स्वतंत्र यंत्रणा झेपत नाही म्हणून औद्योगिक वसाहतींत उभारलेली सामायिक प्रक्रिया केंद्रे हा या प्रश्नाचा पुढचा भाग. तो पुढील लेखांकात घेऊ.