रोमन नाण्यांची टांकसाळ कशी ओळखावी?

चौथ्या शतकातील रोमन साम्राज्य ब्रिटनपासून सिरियापर्यंत पसरलेले होते. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाला लागणारी नाणी एकट्या रोम शहरात पाडणे शक्य नव्हते. म्हणून ट्रायर, लिओं, आर्ल, कॉन्स्टँटिनोपल, अँटिऑक, अलेक्झांड्रिया अशा अनेक नगरांत सरकारी टांकसाळी चालत. नमुना मात्र पुष्कळदा एकच असे. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, इ. स. ३३० च्या सुमारास सुरू झालेले ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, म्हणजे ‘सैन्याचा गौरव’, हे कांस्यनाणे पाहा. एका बाजूस राजमुख, दुसऱ्या बाजूस दोन सैनिक व त्यांच्यामध्ये लष्करी ध्वज. हेच चित्र पश्चिमेकडील ट्रायरमध्ये उमटले आणि पूर्वेकडील अँटिऑकमध्येही. मग हाती आलेले नाणे कोठले, हे कसे ठरवावे?

उत्तर सैनिकांच्या पायांखाली आहे. तेथे एक आडवी रेघ असते व तिच्याखाली बारीक अक्षरे असतात. या अक्षरांत नगराचे संक्षिप्त नाव आणि टांकसाळीतील विभागाची खूण असते. नाणे वजनाला किंवा धातूला कमी भरले, तर जबाबदार कोण हे कळावे, हा या खुणांचा हेतू मानला जातो.

‘पी-एल-जी’ अशी अक्षरे असतील, तर ‘पी’ म्हणजे प्रिमा, अर्थात पहिला विभाग. ‘एल-जी’ म्हणजे लुग्दुनुम, आजचे लिओं. ‘एस-एम-ए-एन-बी’ या अक्षरांत ‘एस-एम’ म्हणजे साक्रा मोनेटा, सम्राटाचे पवित्र चलन. ‘ए-एन’ म्हणजे अँटिऑक. शेवटचे अक्षर ग्रीक बीटा, म्हणजे दुसरा विभाग. पश्चिमेत विभाग सामान्यतः लॅटिन क्रमवाचक शब्दांच्या आद्याक्षरांनी दाखवीत, तर पूर्वेत ग्रीक अक्षरांनी.

हा भेद किती उपयोगी पडतो, ते एका फसव्या उदाहरणावरून दिसते. इ. स. ३२८ च्या सुमारास आर्ल नगराला कॉन्स्टँटिना हे नाव मिळाले आणि तेथील नाण्यांवर ‘सी-ओ-एन-एस-टी’ ही अक्षरे येऊ लागली. घाईने वाचणारा त्यांना कॉन्स्टँटिनोपल समजतो. परंतु आर्लच्या या नाण्यांवर विभागाचे लॅटिन अक्षर आरंभी येते: ‘पी-सी-ओ-एन-एस-टी’. कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यांवर ‘सी-ओ-एन-एस’ नंतर ग्रीक अक्षर येते. एका अक्षराच्या जागेने नाणे फ्रान्समधून बॉस्फरसच्या काठी जाते!

कधी धातूची चकती ठशापेक्षा लहान पडते व अक्षरे तिच्याबाहेर राहतात. कधी ती झिजून जातात. अशा वेळी तिरप्या प्रकाशात नाणे फिरवून उरलेल्या रेषा पाहाव्यात. अक्षरांचे वळण, मुखाची घडण, ध्वजाजवळील लहान चिन्हे यांची स्पष्ट नाण्यांशी तुलना करावी. सापडलेल्या जागेवरून मात्र टांकसाळ ठरवू नये. तमिळनाडूत व श्रीलंकेत त्या काळातील रोमन कांस्यनाणी मिळाली आहेत. ती व्यापाराच्या ओघात आली. श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या.

विद्यार्थी मित्रहो, सर्व प्रयत्न करूनही अक्षर लागत नसेल, तर नोंदीत ‘टांकसाळ अनिश्चित’ असे लिहावे. अंदाजाने लिहिलेले नाव पुढचा अभ्यासक खरे मानतो, आणि त्यावर रचलेला व्यापाराचा सारा इतिहास चुकतो. रिकामी ठेवलेली जागा मात्र उद्या कोणीतरी भरू शकतो.