'सेव्ह झालं' म्हणजे नक्की कुठे झालं?

बोईसर-तारापूर एमआयडीसीतला एखादा औषध कारखाना डोळ्यांपुढे आणा. ऑपरेटरने बॅचची नोंद केली, स्क्रीनवर 'सेव्ह झालं' असं आलं. ती नोंद आता कुठे आहे? फ्लॅश ड्राइव्हवर, असं आपण म्हणू. पण बहुतेक वेळा ती त्या क्षणी राइट कॅशमध्ये असते. दुकानदार गर्दीत कच्च्या वहीत टिपतो आणि खतावणी नंतर करतो, तसंच हे.

फ्लॅश एवढं वेगवान, मग कच्ची वही कशाला? तर बघा, क्षमता वाढली तशी लिहिण्याची अडचणही वाढली. क्यूएलसी फ्लॅशच्या एका सेलमध्ये ४ बिट, म्हणजे विद्युतभाराच्या १६ पातळ्या. त्या नेमक्या साधायला वेळ लागतो. शिवाय बरेच मोठे ड्राइव्ह १६ केबीच्या तुकड्यांत हिशेब ठेवतात. ४ केबी बदलायचे तर १६ केबी वाचा, बदला, पुन्हा लिहा. लेखन चौपट, आणि फ्लॅश झिजतं ते लेखनानेच. कॅश छोट्या नोंदी साठवते आणि मोठा गठ्ठा करून एकदम उतरवते.

मग कॅश हवी तेवढी मोठी का ठेवू नये? इथेच मेख आहे. जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, १९६९ पासूनचं. अणुभट्टी बंद केली तरी सुरुवातीला ६-७ टक्के उष्णता निघतच असते. म्हणून बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर तयार लागतात. कॅशचंही तसंच, वीज गेली तरी काम उरतं. समजा ६४ जीबी कॅश भरलेली आहे आणि सेकंदाला २ जीबी सुरक्षित जागी उतरते. लागले ३२ सेकंद. तेवढा वेळ आतली बॅटरी टिकलीच पाहिजे. म्हणजे कॅश किती मोठी असावी, हे बॅटरी ठरवते. बाहेर यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आतला पॉवर सप्लाय जळाला तर यूपीएस काय करणार?

दुसरं संरक्षण म्हणजे जोडप्रत. नोंद दोन्ही कंट्रोलरच्या कॅशमध्ये पोचल्यावरच 'झालं' म्हणायचं. एक कंट्रोलर बंद पडला किंवा बॅटरी कमजोर झाली, की अनेक ॲरे राइट-थ्रू पद्धतीवर जातात, म्हणजे आधी ड्राइव्हवर लिहायचं, मगच होकार द्यायचा. मग तक्रार येते, 'सिस्टिम स्लो झाली, ते सेटिंग बदलून टाका.' बदलू नका! बिघाड दुरुस्त करा. तो संथपणाच तुमच्या नोंदी वाचवत असतो.

खरेदीच्या वेळी वेगाचे आकडे जरूर विचारा. पण बॅटरी किती सेकंद टिकते, कधी बदलायची आणि एक कंट्रोलर गेल्यावर काय होतं, हे आधी विचारा.