चामड्यावरची नक्षी: आधी ओलावा, मग सुरी

चामड्यावर नक्षी उठत नसेल, तर नवशिक्याने हाताला दोष देण्याआधी चामडे तपासावे. क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्यावर ठसा टिकत नाही. वनस्पतींच्या अर्कात कमावलेलेच हवे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचे.

खरी मेख ओलाव्यात आहे. ओला स्पंज दर्शनी बाजूवर सारखा फिरवावा आणि थांबावे. मूळ रंग परतू लागला, पण गालाला लावल्यावर चामडे अजून गार लागते, ती कामाची वेळ. फार ओल्या चामड्यात रेघ मिटते, कोरड्यात ठसा उथळ बसतो. हा अंदाज येणे म्हणजे निम्मे कौशल्य, असे मला वाटते.

स्विव्हल नाइफ, म्हणजे दांडा बोटांत फिरणारी सुरी, जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत एका ओघात चालवावी. ती अडखळली तर जोर वाढवू नये. पाते पॉलिशची पेस्ट लावलेल्या चामडी पट्टीवर घासावे. मग चामडे ग्रॅनाइटच्या फरशीवर ठेवून, उतरत्या तोंडाच्या ठशाने कापाची बाहेरची कड हलक्या ठोक्यांनी दाबत न्यावी. दर ठोक्याला ठसा स्वतःच्या रुंदीपेक्षा बराच कमी सरकवला, की पायऱ्या उमटत नाहीत आणि नक्षी वर आलेली दिसते.