नेटचं पिंप

आमच्या हायस्कूलची कम्प्युटर लॅब म्हणजे जुन्या ग्रंथालयाची खोली, दहा मशिन आणि एक लाइन. मिरगाचा पाऊस सुरू झाला की लाइन आधी बारीक व्हायची, मग जायचीच. 2013 मध्ये नववीच्या वर्गाला विकिपीडियावरचं ज्वालामुखीचं पान उघडायला सांगितलं. तीच चित्रं दहा मशिनवर दहा वेळा खेचली जात होती. तीन पडद्यांवर अर्धा डोंगर दिसला, बाकी सगळे पांढरे. शिपाईमामा दारातून बघत होते. म्हणाले, "सर, नळ तासभर येतो म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. तुमच्या नेटला पिंप नाय काय?"

होतं. त्याचं नाव स्क्विड. 1996 पासून चालत आलेलं हे फुकट सॉफ्टवेअर भंगारात निघालेल्या मशिनवरही चालतं. मी ते उबुंटू घातलेल्या एका जुन्या डब्यावर बसवलं आणि दहाही मशिनच्या ब्राउझरला सांगितलं: बाहेर थेट जायचं नाही, आधी या डब्याला विचारायचं, दार क्रमांक 3128. मागितलेली वस्तू डब्यात असेल तर तो तिथूनच देतो. नसेल तर बाहेरून आणतो, मागणाऱ्याला देतो आणि एक प्रत ठेवून घेतो. प्रत जुनी वाटली तर मूळ ठिकाणी विचारतो, "अमुक वेळेनंतर हे बदललंय का?" उत्तर '304' आलं की समजायचं, नाही बदललं. एवढ्याशा निरोपावर भागतं, आख्खं चित्र पुन्हा येत नाही. विकिपीडियाचा मजकूर मात्र दर वेळी नव्यानेच यायचा, तिकडून तशी सूचनाच असते. पण मजकूर हलका, जड असतात ती चित्रं.

डब्याच्या पडद्यावर नोंदवही उघडी ठेवली. पहिल्या पोराने पान उघडलं तशा 'मिस' लिहिलेल्या ओळी सरकल्या. दुसऱ्याने उघडलं आणि 'हिट', 'हिट', 'हिट'. वर्ग क्रिकेट बघितल्यासारखा ओरडला. ज्वालामुखी बाजूलाच राहिला.

त्या रात्री लाइट गेली. सकाळी नोंदवहीत पुन्हा सगळं 'मिस'. स्क्विडला डिस्कवर जागा नेमून दिली नाही तर तो साठा फक्त मेमरीत ठेवतो, आणि मी सेटिंगमधल्या त्या ओळीपुढची, ओळ बंद ठेवणारी # ही खूण काढलीच नव्हती. पिंपाला बूड नव्हतं म्हणा ना. पुढे आणखी एक ठेच लागली. मूळ सेटिंगप्रमाणे 4 एमबीपेक्षा मोठी फाइल तो ठेवतच नाही, त्यामुळे दहा मशिनवरच्या उबुंटूचे मोठे अपडेट दहा वेळा येत राहिले. मर्यादा वाढवली, मग एकदाच यायला लागले.

जून 2015 मध्ये विकिपीडियाने सगळी ये-जा एचटीटीपीएसवर नेली. म्हणजे पान आता मोहोरबंद पाकिटातून येतं. डब्याला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं काही नाही. मग ठेवणार काय? नोंदवहीत नुसतं 'कनेक्ट' उमटायला लागलं. आपलं प्रमाणपत्र सगळ्या मशिनवर घालून पाकीट मध्येच फोडता येतं. मी ते केलं नाही. त्याच मशिनवर आमच्या बाई बँकेचं खातं बघतात. आणि खरं सांगायचं तर हा बदल मला पटलाच होता, फक्त लॅबला महाग पडला.

आता स्क्विडकडे मुख्य काम उरलंय ते उबुंटूच्या अपडेटचं. त्या फाइलींच्या यादीवर सही असते, मशिन ती तपासून फाइली यादीशी ताडून घेतं, त्यामुळे त्या अजून साध्या एचटीटीपीने आल्या तरी चालतं. विकिपीडियासाठी त्याच डब्यावर किविक्स हे नेटशिवाय वाचायचं सॉफ्टवेअर बसवलंय. त्याच्यासाठी आख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलीत मिळतो आणि लाइन पार मेली तरी उघडतो. मजकूर थोडा शिळा असतो, पण ज्वालामुखी काही रोज बदलत नाहीत.

ती फाइल शाळेच्या लाइनीवर उतरत नाही. दर मे महिन्यात बहिणीकडे चिपळूणला जातो, रात्रभर डाउनलोडला लावतो आणि हार्डडिस्क घेऊन परततो. यंदा पिशवीत आमसुलं, सुकट आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेली डिस्क होती. डिस्कला सुकटीचा वास अजून आहे.