पंचगंगेतले मासे वर का येतात?

उन्हाळ्यात नदीकाठी मुलं विचारतात, "सर, मासे वर येऊन पाणी पितायत का?" नाही, ते गुदमरलेले असतात.

२० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू उरलेला ऑक्सिजनही वापरतात. मग माशाचे कल्ले भराभर हलतात, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, यकृतातली साखर रक्तात उतरते. ही धडपड थोडा वेळच पुरते. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आपण पाहिलाय.

मुलांना घरी दाखवा: गार पाण्याचा ग्लास उन्हात ठेवा. काचेला बुडबुडे धरतील. पाणी तापलं की विरघळलेली हवा अशी सुटते.