संगणकाची तेरवी आणि इतर वऱ्हाडी समज

विंडोज 10 या कार्यप्रणालीची मोफत निगराणी 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपुष्टात येणार, असे फर्मान मायक्रोसॉफ्टने काढले तेव्हा, प्रत्येक हुकुमाचा पहिला पंचनामा चहाच्या टपरीवर करण्याची ज्यांची वहिवाट आहे त्या अमरावती-अकोल्याच्या मंडळींनी या वार्तेचाही यथास्थित समाचार घेतला आणि ‘चौदा तारखेले कम्प्युटरची तेरवी हाय, जेवाले या’ असे आमंत्रण एकमेकांस देऊन ती मोकळी झाली. विनोद फर्मास, त्यामागचा समज मात्र निराधार. त्या तारखेमुळे कोणाचाही संगणक बंद पडला नाही. थांबली ती सुरक्षेतील छिद्रे विनामूल्य बुजविण्याची व्यवस्था, आणि घरगुती वापरासाठी नावनोंदणी करणाऱ्यास तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढीने मिळते. आंतरजालाशी न जोडलेल्या यंत्रावर कापसाच्या काटापट्ट्या छापणाऱ्या अडत्याने एवढ्यात सुतक पाळण्याचे कारण नाही. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने मात्र ही मुदत गांभीर्याने घ्यावी.

‘आता कम्प्युटरलेही आधार कार्ड लागते का बाप्पा?’ हा दुसरा उद्गार सत्याच्या बराच निकट जातो, कारण विंडोज 11 ज्याची मागणी करते तो टीपीएम 2.0 हा घटक यंत्राची ओळख पटवितो आणि गुप्त किल्ल्या जतन करतो. चूक होते ती हा घटक बाजारातून विकत आणावा लागतो असे मानण्यात. गेल्या आठ-दहा वर्षांतील बहुतेक यंत्रांत तो प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असतो. इंटेल त्यास पीटीटी म्हणते, एएमडी एफटीपीएम, आणि तो बंद ठेवलेला असल्यास बायोसमध्ये शिरून चालू करता येतो. खरी अडचण प्रोसेसरच्या पिढीची आहे : इंटेलची 2017 मध्ये आलेली आठवी पिढी किंवा तिच्या पुढची असावी लागते, आणि त्याआधीचे यंत्र कितीही दणकट असले तरी, थोडे अपवाद वगळता, मान्य यादीत बसत नाही.

‘एआयवाला’ संगणक घेतल्याविना नवी प्रणाली चालतच नाही, हे तर निव्वळ विक्रेत्याचे वाक्चातुर्य. कोपायलट प्लस या नावाने मिरविणाऱ्या यंत्रांतील एनपीयू हा एआयच्या कामासाठीचा खास प्रोसेसर सेकंदास किमान 40 लाख कोटी क्रिया करतो खरा, परंतु विंडोज 11 च्या किमान अटींत त्याचा उल्लेख नाही, आणि सातबाराचा उतारा काढण्यास एवढी प्रज्ञा कोणत्याही तलाठ्याने अद्याप मागितलेली नाही.

‘तुरीपेक्षा रॅमचा साठा करा, भाऊ’ हा अकोल्याच्या दालमिलवाल्यांस शोभणारा सल्ला मात्र विनोद म्हणून सोडून देता येत नाही. एआयच्या विदाकेंद्रांसाठी स्मृतिचिपा वळविल्या गेल्याने 2025 च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशल हा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले. तेव्हा जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी, विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘टीपीएम डॉट एमएससी’ हा आदेश रोमन लिपीत टंकून त्यात टीपीएम 2.0 चालू आहे काय याची खातरजमा करावी, प्रोसेसरची पिढीही पाहावी, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.