महासाथीतली पोटदुखी

एप्रिल २०२०. कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावातल्या एका घराची कल्पना करू या. नववीत शिकणाऱ्या मुलीच्या बेंबीभोवती संध्याकाळपासून दुखते आहे. रात्री दुखणे पोटाच्या उजव्या बाजूला, खाली सरकते. उलट्या होतात, बारीक ताप येतो. एरवी घरच्यांनी सकाळीच दवाखाना गाठला असता. पण आता ताप म्हटला की चाचणी आणि चाचणी म्हटली की विलगीकरण, अशी धास्ती आहे. ओवा खाऊन, पोट शेकून दोन दिवस जातात. मुलीला कोविड झालेला नाही. तरीही महासाथीने तिचा जीव धोक्यात आणला आहे. तो कसा, हे समजून घेऊ.

अपेंडिक्सचे घड्याळ

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी एक बंद नळी असते. तिला आंत्रपुच्छ किंवा अपेंडिक्स म्हणतात. तिचे तोंड बुजले की आतला स्राव बाहेर पडू शकत नाही. नळी फुगते, आतला दाब वाढतो आणि तिच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात. रक्त न मिळालेली भिंत मरते व फुटते. जंतू आणि पू उदरपोकळीत पसरतात. पहिल्या दिवशी ही शक्यता कमी असते, पण दीड-दोन दिवसांनंतर ती वाढत जाते. फुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो. फुटल्यावर मात्र तेच दुखणे जिवावर बेतू शकते.

तातडीच्या शस्त्रक्रियेचा अर्थ हाच. ठरवून करायची शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलता येते. तातडीच्या शस्त्रक्रियेत शरीरातले घड्याळ सुरू झालेले असते आणि टाळेबंदीत ते थांबत नाही.

तीन विलंब

बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या दोन संशोधिकांनी १९९४ मध्ये ‘तीन विलंबां’ची मांडणी केली. उपचार घ्यायचे हे ठरवण्यातला पहिला, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला दुसरा आणि पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार मिळण्यातला तिसरा. महासाथीने हे तिन्ही विलंब एकाच वेळी वाढवले.

पहिला विलंब भीतीमुळे झाला. रुग्णालय हेच संसर्गाचे ठिकाण आहे, असे लोकांना वाटू लागले.

दुसरा विलंब वाहतुकीचा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण दुखणे गुंतागुंतीचे झाले, तर इथल्या माणसाची वाट पनवेल, कल्याण किंवा मुंबईकडे जाते. लोहमार्गाने मुंबई सुमारे १०० किलोमीटर. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात लोकल गाड्या थांबल्या. १५ जून २०२० पासून त्या मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या, पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. डोंगरालगतच्या ठाकूर-कातकरी वाड्यांमधून तर आधी डांबरी रस्ता गाठणे हाच मोठा प्रवास असतो.

तिसरा विलंब रुग्णालयातला. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्या वेळी विषाणू असलेले सूक्ष्म थेंब हवेत उडण्याची भीती होती. म्हणून चाचणी करणे, संरक्षक पोशाख चढवणे, दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये खोलीतली हवा बदलू देणे, हे सारे आले. भूलतज्ज्ञ आणि परिचारिका कोविड कक्षात गुंतलेल्या होत्या, ते वेगळेच.

रुग्णालाच कोविड असेल तर?

भूल आणि पोटावरची जखम यांमुळे रुग्णाला नीट खोकता येत नाही व खोल श्वास घेता येत नाही. त्यामुळे फुप्फुसात स्राव साचतो. फुप्फुसे विषाणूने आधीच सुजलेली असतील, तर हा भार त्यांना पेलत नाही. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतील अशा १,१२८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या. निम्म्या रुग्णांना फुप्फुसांचा त्रास झाला आणि २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. अर्थात यातले अनेक जण मुळातच गंभीर होते आणि तुलनेसाठी कोविड नसलेला गट या पाहणीत नव्हता. हे मृत्यू एकट्या विषाणूच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

तुलना करणारी मोठी पाहणी २०२१ मध्ये आली. तीत ११६ देशांतील १,४०,२३१ रुग्ण होते. वय, आजार वगैरे फरक हिशेबात धरल्यावर कोविड न झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण १.५ टक्के निघाले. संसर्गानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये ते ४.१ टक्के होते. सात आठवड्यांनंतर ते पुन्हा १.५ वर आले. म्हणून ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी शक्यतो सात आठवडे थांबावे, असा सल्ला पुढे आला. फुटू पाहणाऱ्या अपेंडिक्सला ही सवलत नाही.

टक्केवारीची गंमत

महासाथीच्या काळात अनेक देशांतील रुग्णालयांनी कळवले, की अपेंडिक्सचे रुग्ण कमी आले आणि त्यांत फुटलेल्यांची टक्केवारी वाढली. म्हणजे उशिरामुळे जास्त अपेंडिक्स फुटले, असेच ना? थोडे थांबू या.

समजा, एरवी महिन्याला ४० रुग्ण येतात आणि त्यांतील १० जणांचे अपेंडिक्स फुटलेले असते. हे प्रमाण २५ टक्के. टाळेबंदीत २० रुग्ण आले, त्यांतही १० फुटलेले. प्रमाण झाले ५० टक्के! पण फुटलेल्यांची संख्या तेवढीच आहे. घटला तो छेद. सौम्य दुखणे असलेले घरीच राहिले, दुसरीकडे गेले किंवा आपोआप बरे झाले. सौम्य दुखणे काही वेळा प्रतिजैविकांनीही आटोक्यात येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,५५२ रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत प्रतिजैविके दिलेल्यांपैकी दहातील सुमारे सातजणांना ९० दिवसांपर्यंत शस्त्रक्रिया लागली नाही. म्हणून उशिराचे नुकसान ताडायचे असेल, तर टक्केवारीबरोबर फुटलेल्यांची प्रत्यक्ष संख्या आणि दुखणे सुरू झाल्यापासून गेलेले तासही पाहायला हवेत. अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

शिक्षकांसाठी

पहिला विलंब कमी करणे शिक्षकाच्या हातात आहे. बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलेले, चालताना वाढणारे दुखणे ‘अभ्यासाचा कंटाळा’ समजू नये. मुलगे लाजेपोटी एक गोष्ट सांगत नाहीत. वृषणाला पीळ पडला तर एकाएकी तीव्र वेदना होतात, कधी पोटातच दुखते. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचते, २४ तासांनंतर क्वचितच. ‘असे दुखले तर लगेच सांगा, कोणी हसणार नाही’, हे वाक्य वर्गात एकदा तरी उच्चारायला हवे. शाळा बंद असताना तर असे सांगायला मुलांना घराबाहेरचे माणूसच उरले नव्हते. पुढच्या साथीत शाळा पुन्हा बंद झाल्या, तर फोनवर अभ्यास विचारताना प्रकृतीही विचारावी. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तो क्रमांक मुलांना पाठ हवा.

भिसेगावच्या त्या मुलीला ‘पोट केव्हापासून दुखते आहे?’ असे पहिल्याच दिवशी कोणी विचारले असते, तर तिचे दोन दिवस वाचले असते.